मासा वेळापत्रक पाळत नाही

किन्हवली, सरळगाव, धसई अशा बाजारगावांत समुद्र येतो तो वाळून येतो. पोत्यावर जवळ्याचा ढीग, शेजारी सुकट, वाकट्या, काड्यांसारखे ताठ बोंबील, आणि ज्याची ऐपत असेल त्याच्यासाठी सोडे. मे महिना सरत आला की शहापूर-मुरबाडच्या घराघरांत आगोटीची लगबग सुरू होते. पावसाळा काढायचा तर लाकूडफाटा, मीठमसाला आणि सुकी मासळी घरात हवी. त्यामुळे इथल्या पोराला बोंबील ठाऊक असतो तो जबडा वासलेला, कडक, निखाऱ्यावर टाकला की घरभर वास सोडणारा. पाण्यातून काढलेला बोंबील लुसलुशीत आणि जवळजवळ आरपार दिसणारा असतो, असं त्याला सांगितलं तर तो तुमच्याकडे संशयाने बघेल. वास्तविक समुद्र इथून काही फार लांब नाही. आसनगावला लोकल पकडली तर दोन-अडीच तासांत माणूस मुंबईच्या किनाऱ्यावर उभा राहतो. पण त्या दोन-अडीच तासांत गावापासून स्टेशनपर्यंतची जीप आणि बुडालेली एका दिवसाची मजुरी मिळवली, की समुद्र बराच लांब जातो.

म्हणून या भागातलं एखादं कुटुंब सुट्टीत पोराबाळांना घेऊन ‘मासे बघायला’ निघतं, तेव्हा ती नुसती मौजमजा आहे असं मला वाटत नाही. त्या जाण्यात एक प्रश्न असतो: आपण जे खातो, ज्याबद्दल ऐकतो, ते तिकडे पाण्यात असतं कसं? ही भूक खरी आहे आणि जुनी आहे. तिला उत्तर कोण देतो, आणि कशाच्या बदल्यात देतो, यावर पुढचं सगळं ठरतं. माझं म्हणणं असं, की हे उत्तर देणं वाचनालय चालवण्याइतकंच सरकारचं काम आहे. ते धंद्यावर सोपवलं की आज ना उद्या तिथे डॉल्फिनला चेंडू उडवावा लागतो.

एके काळी हे काम सरकार करत होतं. मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते उघडलं. आठेक लाख रुपये खर्च आला, त्यातले दोन लाख तारापोरवाला यांच्या देणगीचे. राज्याचं मत्स्यव्यवसाय खातं ते चालवायचं. ठाणे जिल्ह्यातल्या शाळांच्या सहलींचा मार्ग जणू दगडावर कोरलेला होता: पहाटे अंधारात एसटी निघायची, मग गेटवे, तारापोरवाला, म्हातारीचा बूट, राणीची बाग, आणि परतताना अर्धी गाडी झोपलेली, अर्धी ओकणारी. मुरबाडच्या आणि शहापूरच्या कितीतरी माणसांनी आयुष्यात पहिला जिवंत समुद्री मासा पाहिला तो त्या काळोख्या, दमट, जरा उग्र वासाच्या दालनांत. 2015 मध्ये मोठा खर्च करून ते नव्याने सजवलं गेलं. बारा फुटांचा काचेसारखा अ‍ॅक्रिलिकचा बोगदा आला, डोक्यावरून मासे जाऊ लागले, रांगा लागल्या. पुढे करोनाच्या टाळेबंदीत दारं बंद झाली. नंतर इमारतच कमकुवत ठरली आणि ती पाडून नवं बांधायचं ठरलं. नव्या मत्स्यालयांच्या घोषणा त्यानंतर बऱ्याच झाल्या. घोषणा बघायला मात्र आसनगावहून कुणी लोकल पकडत नाही.

मग ते कुटुंब आता जातं कुठे? भायखळ्याला. मध्य रेल्वेवरच असल्याने गाडी बदलावी लागत नाही, हा मोठा फायदा. राणीच्या बागेत 2016 च्या जुलैमध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले. त्यातला एक काही महिन्यांतच मेला, त्यावरून गदारोळ झाला, आणि मार्च 2017 पासून उरलेले सात लोकांना दाखवायला सुरुवात झाली. पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचा हा पक्षी मुंबईच्या उकाड्यात गार केलेल्या काचघरात राहतो. त्याच वर्षी बागेचं तिकीट पाच रुपयांवरून वाढलं. मोठ्या माणसाला 50, लहानाला 25, आणि चौघांच्या कुटुंबाला मिळून 100. हे शेवटचं कलम मला फार बोलकं वाटतं. महापालिकेच्या लेखी कुटुंब म्हणजे आई, बाप आणि दोन मुलं. डोळखांबहून येणाऱ्या कुटुंबात आजी असते, एखादी एकटी पडलेली आत्या असते, आणि ‘आमच्या ह्यालापण न्या’ म्हणून शेजारणीने हात धरून सोपवलेला एक पोरगा असतो. खिडकीवर या सगळ्यांचा हिशेब होईतो कुटुंबाची व्याख्या चांगलीच महाग पडते.

ज्यांच्या हाती चार पैसे खेळू लागले, ते आणखी लांब जातात. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेला, कुणाकुणाच्या जमिनीला चांगला मोबदला मिळाला. त्या पैशातून नवी गाडी, बंगल्याचा स्लॅब आणि सिंगापूरची सहल अशी यादी निघाली तर त्यात हसण्यासारखं काही नाही. सेंटोसा बेटावर जाऊन डॉल्फिन बघून आलेलं कुटुंब गावात परतलं की मोबाइलमधले व्हिडिओ अख्ख्या आळीत फिरतात. व्हिडिओत काय असतं? डॉल्फिन पाण्याबाहेर उसळतो, शेपटीवर उभा राहतो, लोक टाळ्या वाजवतात. मासे बघायला गेलेलं माणूस खेळ बघून येतं. ही अदलाबदल कशी होते ते नीट बघायला हवं, कारण सगळं इंगित तिथेच आहे.

मासा वेळापत्रक पाळत नाही. तो अकरा वाजता येत नाही, चार वाजता परत येत नाही, गर्दी जास्त आहे म्हणून जास्त पोहत नाही. हलवा किंवा शिंगाळा टाकीत दिवसभर जे करतो ते बहुतेक वेळ काहीच नसतं. गुंतवणूकदाराला हे परवडत नाही. त्याने जमीन घेतलेली असते, कर्ज काढलेलं असतं, आणि एकदा येऊन गेलेलं गिऱ्हाईक पुन्हा यावं ही त्याची निकड असते. पुन्हा येण्यासाठी काहीतरी ‘घडायला’ हवं, आणि ते ठरल्या वेळी घडायला हवं, म्हणजे खेळाच्या आधी बर्गर विकता येतो आणि खेळानंतर कापडी डॉल्फिन. वेळेवर घडणारं काहीतरी करून दाखवणारे जीव समुद्रात मोजकेच: डॉल्फिन, सील, ओर्का. हे मासेच नव्हेत, आपल्यासारखे हवेत श्वास घेणारे, पोरांना दूध पाजणारे, हुशार प्राणी. हुशार म्हणून शिकवता येतात, आणि हुशार म्हणूनच कोंडले की खचतात. थीम पार्क असल्या प्राण्याकडे वळतं ते मालक क्रूर असतो म्हणून नव्हे. हिशेबच त्याला तिकडे ढकलतो.

अमेरिकेतल्या सीवर्ल्डची कथा या हिशेबाचीच आहे. 1964 मध्ये सॅन दिएगोत ते सुरू झालं आणि ओर्काचा खेळ ही त्याची ओळख बनली. तिलिकुम नावाचा नर ओर्का 1983 मध्ये आइसलंडच्या समुद्रात पकडला गेला तेव्हा पिल्लूच होता. फेब्रुवारी 2010 मध्ये ऑरलँडोच्या उद्यानात त्याने आपल्या प्रशिक्षक डॉन ब्रँशो यांना पाण्यात ओढून ठार केलं. 2013 मध्ये ‘ब्लॅकफिश’ हा माहितीपट आला, लोकांचं मन फिरलं, गर्दी आटली, आणि 2016 मध्ये कंपनीने ओर्कांची पैदास थांबवत असल्याचं जाहीर केलं. लक्षात घ्या, 1983 पासून तिलिकुम टाकीतच होता आणि दिवसभर तिथेच फेऱ्या मारत होता. तिकीट काढून आलेली लाखो माणसं त्याला बघत होती. त्यांच्या नजरेत हे आलं नाही, कारण त्यांना बघायला जे दिलं होतं त्यात ते नव्हतं. डॉल्फिनचा चेहराही असाच फसवतो. त्याच्या जबड्याची ठेवणच अशी की तो कायम हसतोय असं वाटतं. तो आजारी असला तरी हसतो, मेल्यावरही हसतो. आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवर जग ओळखणाऱ्या या प्राण्याला सिमेंटच्या हौदात चारी बाजूंनी आपलाच आवाज ऐकू येतो. गोठवलेल्या मेलेल्या माशाच्या मोबदल्यात तो उडी मारतो, आणि पुढच्या रांगेतल्या मुलाला वाटतं, किती खूश आहे बघा!

आपल्या देशाने या बाबतीत एक गोष्ट वेळेवर केली, आणि ती फारशी कुणाला ठाऊक नाही याचं मला वाईट वाटतं. 17 मे 2013 रोजी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने परिपत्रक काढून डॉल्फिनचे खेळ करणाऱ्या प्रकल्पांना परवानगी द्यायची नाही असं राज्यांना कळवलं. डॉल्फिन अत्यंत बुद्धिमान आणि संवेदनशील आहेत, त्यांच्याकडे माणसाव्यतिरिक्तच्या ‘व्यक्ती’ म्हणून बघावं असं शास्त्रज्ञ सुचवतात, अशी नोंद त्या सरकारी कागदात आहे. सरकारी कागदात अशी भाषा रोज सापडत नाही. त्याआधी 1998 मध्ये चेन्नईजवळच्या डॉल्फिन सिटीत बल्गेरियाहून डॉल्फिन आणले होते. काही महिन्यांतच ते मेले. तरीही पुढे केरळात, नोएडात आणि आपल्या महाराष्ट्रातही नवे बेत शिजत होते. आपल्याकडचा मोठा बेत म्हणजे सिंधुदुर्गातलं सी वर्ल्ड. मालवण तालुक्यातल्या तोंडवळी-वायंगणीत सुरुवातीला हजाराहून जास्त एकर जमीन त्यासाठी लागणार होती. गावकऱ्यांनी कडाडून विरोध केला, मग आकडा खाली आला, मग प्रकल्प लांबत गेला. ज्या किनाऱ्यावर 1987 मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झालं, ज्या समुद्रात डॉल्फिन आपले आपण फिरतात, त्याच तालुक्यात समुद्रजीव दाखवण्यासाठी माणसांना जमिनीवरून उठवायचं! यातली विसंगती त्या गावकऱ्यांना तेव्हाच दिसली. मंत्रालयात ती दिसायला वेळ लागला.

पण बंदी हे अर्धंच काम होतं, आणि इथे माझं प्राणिप्रेमी मित्रांशी वाजतं. डॉल्फिनचा खेळ नको हे ठरलं, छान झालं. मग त्या कुटुंबाने काय बघायचं? यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं: ‘खुल्या समुद्रात बघा.’ म्हणजे दापोलीजवळ मुरूड-हर्णेला किंवा तारकर्लीला होडीत बसायचं. तिथली गत अशी, की कळप दिसला रे दिसला की दहा होड्यांची इंजिनं त्याच्याभोवती घुमू लागतात, कारण डॉल्फिन दाखवलाच नाही तर पर्यटक तोंड वाकडं करतात. सिमेंटचा हौद नाही एवढंच, पाठलाग मात्र तोच, हिशेबही तोच. शिवाय मुरबाडचं कुटुंब दापोलीला मुक्काम करू शकत असतं, तर हा लेख लिहायचं कारणच उरलं नसतं.

दुसरं उत्तर असतं मोबाइलचं. ‘आता सगळं यूट्यूबवर आहे, कोंडून कशाला दाखवायचं?’ हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं. मोबाइलवर देवमासा दिसतो खरा, पण अंगठ्याएवढा, आणि दर तीन सेकंदांनी चित्र बदलतं. जे दाखवायचं ते वेचून, कापून, संगीत लावून दिलेलं. तिथला मासा सतत काहीतरी करत असतो, कुणाला तरी गिळत असतो. टाकीसमोर उभं राहिलं की पहिल्यांदा कळतं ते हे, की मासा बहुतेक वेळ काही करत नाही, फक्त असतो. कल्ला उघडतो, मिटतो. डोळा फिरतो. पोरगं कंटाळतं, आईचा पदर ओढतं, मग पुन्हा वळून बघतं, तोवर मासा अंगुळभर सरकलेला असतो. या कंटाळ्यातच निरीक्षण सुरू होतं. हे मी कुठल्या पुस्तकाच्या आधारावर म्हणत नाही, डोळ्यांदेखत पाहिलं आहे.

तारापोरवालात मोरे ईलच्या टाकीपुढे मुरबाडकडची एक म्हातारी उभी होती. तोकावड्याच्या बाजूची असावी, बोलीवरून तसं वाटलं. मोरे ईल नेहमीप्रमाणे नळकांड्यात शिरून बसलेली, बाहेर फक्त तोंड, तेही उघडत-मिटत. लोक येत, ‘साप आहे साप’ म्हणत, काचेवर टिचकी मारत, पुढे सरकत. पाटीवर नुसतं नाव. म्हातारी हलेना. नातू कुरकुरायला लागला तेव्हा ती म्हणाली, “दिसाची न्हाय निघायची ती भायेर. रातच्याला बघाय पायजे.” मग तिने त्याला नदीतल्या वामीबद्दल सांगायला सुरुवात केली: दगडाखाली कशी बसते, हाताला कशी गुळगुळीत लागते आणि निसटते, फडक्यात कशी धरायची, रस्सा कशाने दाट होतो. रात्री हिंडणारा आणि दिवसा बिळात बसणारा जीव, ही पाटीवर हवी असलेली आणि नसलेली माहिती तिने पाटी न वाचता दिली. आपल्याकडे मत्स्यालयात ‘हा पापलेट केवढ्याला पडेल’ असं बोलणाऱ्यांना हसण्याची पद्धत आहे. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. खाणारा माणूस माशाला जितकं ओळखतो तितकं डॉल्फिनच्या खेळाला टाळ्या वाजवणारा कधीच ओळखणार नाही. खाणाऱ्याचं ज्ञान जिथे संपतं तिथून मत्स्यालयाने पुढचं सांगायचं असतं. आपल्या मत्स्यालयांनी ते ज्ञान जमेतच धरलं नाही.

अर्थात आपलं सगळं पवित्र आणि शहराचं सगळं पाप, असंही नाही. पहिल्या पावसात ओढ्यांना लाल पाणी येतं आणि अंडी घालायला मासे प्रवाहाच्या उलट चढू लागतात, ती वलगण. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर त्या रात्री कुणी झोपत नाही. बॅटऱ्या, जाळ्या, काठ्या, जे हाती येईल ते घेऊन लोक ओढ्यात उतरतात आणि गाभोळीने पोट फुगलेले मासे पिशव्या भरभरून घरी आणतात. याची गोडी मलाही ठाऊक आहे. पण एका मादीच्या पोटातली हजारो अंडी तिच्याबरोबर कढईत जातात, आणि मग ‘हल्ली नदीत मासाच राहिला नाही’ म्हणून आपणच हळहळतो. सुरुंगाने आणि विषारी पावडर टाकून मासे मारण्याबद्दल तर बोलायलाच नको. जवळून ओळखणं म्हणजे जपणं नव्हे, हे आपल्याच ओढ्यावर दिसतं. म्हणूनच फक्त आजीच्या गोष्टींवर भागणार नाही. तिने सांगितलेल्याला कुणीतरी आकडे, कारणं आणि परिणाम जोडून द्यायला हवेत, आणि ते पोराला आपल्याच भाषेत, समोर मासा असताना कळायला हवेत.

प्राणिप्रेमींचा सगळ्यात कडवा आक्षेप उरतो: डॉल्फिनला कोंडणं वाईट, मग माशाला कोंडणं चांगलं कसं? याला पूर्ण समाधानाचं उत्तर माझ्यापाशी नाही आणि ते आहे असा आव आणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. माशालाही वेदना होतात असं मानायला भरपूर आधार आहे. शोभेचे कितीतरी समुद्री मासे प्रवाळखडकांतून पकडून आणतात, त्यातले बरेच वाटेतच मरतात. तरीही दिवसाला कित्येक किलोमीटर पोहणारा, कुटुंबाने राहणारा, परस्परांशी बोलणारा प्राणी आणि खडकाच्या कपारीत आयुष्य काढणारा मासा, यांना कोंडण्यात फरक आहे. दुसऱ्याला त्याच्या सवयीचं बरंचसं टाकीत देता येतं, पहिल्याला जवळपास काहीच देता येत नाही. म्हणून जे जीव टाकीत त्यांच्यासारखे राहू शकतात तेवढेच ठेवावेत, बाकीचे ठेवू नयेत, आणि का ठेवले नाहीत तेही पाटीवर लिहावं. इथे डॉल्फिन का नाही, हे सांगणारी रिकामी भिंत हा एखाद्या मत्स्यालयातला सगळ्यात शिकवणारा कोपरा ठरेल.

गिरगाव चौपाटीच्या आणि हाजीअलीच्या खडकांत ओहोटीला काय काय सापडतं हे 2017 पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी लोकांना फिरवून दाखवतात. समुद्री गोगलगायी, खेकडे, फुलांसारखे पसरलेले प्राणी, नशीब असेल तर ऑक्टोपस. तिकीट समुद्राचं, म्हणजे फुकट. उपक्रम उत्तम, माझा त्याला सलाम. पण त्याला ओहोटीची वेळ गाठावी लागते, आणि ती वेळ कसारा लोकलच्या वेळेशी जुळेलच असं नाही. ठाणे जिल्ह्यातच ऐरोलीला खाडीकाठी सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून होडीतून रोहित पक्षी दाखवतात. तेही चांगलं आहे. एवढं सगळं असूनही आसनगाव आणि टिटवाळ्याच्या पलीकडच्या माणसाला पत्ता नसतो, कारण या सगळ्याचं तोंड शहराकडे आहे.

आणि इथे हिशेबाची एक जुनी बाजू काढायलाच हवी. शहापूर तालुक्यातलं तानसा धरण 1892 पासून मुंबईला पाणी पाजतं आहे. मग मोडकसागर आलं, भातसा आलं, 2014 मध्ये मध्य वैतरणा आलं. मुंबईच्या रोजच्या पाण्यातलं जवळपास निम्मं एकट्या भातशाचं. राणीच्या बागेतले नळ याच पाण्यावर चालतात. मुरबाडच्या वेशीवरच्या बारवीचं पाणी कल्याण-डोंबिवली-अंबरनाथच्या कारखान्यांना आणि वस्त्यांना जातं. आणि मार्च उलटला की शहापूरच्या वाड्यापाड्यांवर टँकरची वाट बघत हंडे रांगेत लागतात. हे इतक्यांदा लिहून झालं आहे की वाचणाऱ्याचे डोळे त्यावरून घसरतात. आता या तालुक्यासाठी मत्स्यालय मागितलं की लगेच कुणीतरी म्हणणार, ‘आधी पाणी द्या, मग मासे.’ हा क्रम फक्त गरिबालाच का लावतात? दादरच्या माणसाला कुणी म्हणत नाही की आधी खड्डे बुजवा, मग नाटक बघा. टँकरच्या रांगेत उभ्या बाईच्या पोरालाही देवमाशाबद्दल आत्ता, या वयात विचारायचं असतं. पाणीयोजना पूर्ण होईतो तो बाप झालेला असेल. पाणी हक्काचं आहे आणि मासे बघणंही हक्काचंच आहे. एकाच्या आडून दुसरं नाकारायची गरज नाही. मुंबई महापालिका पेंग्विन सोलहून आणू शकते, तर ज्या तालुक्याच्या पाण्यावर शहर उभं आहे तिथे चार टाक्या बसवणं तिला जड नाही. यात उपकार कसले? देणंच आहे ते.

त्या मत्स्यालयात पहिली टाकी समुद्राची नसावी. काळू आणि भातसा उल्हासला मिळतात, उल्हास वसईच्या खाडीतून समुद्रात जाते. टाक्याही त्याच वाटेने लावाव्यात. आधी ओढ्यातले आणि डोहातले मासे: मळवे, मरळ, वाम. मग खाडी, म्हणजे चिखलावर उड्या मारत चालणारी निवटी; कल्याणच्या खाडीवरून रोज लोकलने जाणाऱ्यांपैकी कितीजणांनी ती पाहिली असेल? मग समुद्र, आणि त्यात बोंबील ठेवता येणार नसला तर त्याचं चित्र आणि शेजारी काचेत बाजारातला खराखुरा सुका बोंबील. या सगळ्या टाक्यांना जोडणारा एकच जीव आहे: अहीर. वामीसारखा लांब, पण पाठीवर काटे नसलेला. सह्याद्रीतून पश्चिमेला वाहणाऱ्या नद्यांत तो वर्षानुवर्षं राहतो, पण जन्मतो खोल समुद्रात कुठेतरी, आणि अंडी घालायला परत तिकडेच जातो. म्हणजे डोंगरातल्या डोहात दगडाखाली बसलेला हा मासा समुद्र बघून आलेला असतो, कुठलंही तिकीट न काढता. त्याच्या वाटेत धरणाची भिंत आली की ही ये-जा अडते. मुरबाडमध्ये काळू नदीवर धरण बांधायला सुरुवात झाली होती. वनखात्याची परवानगी नसताना चाललेलं ते काम 2012 मध्ये उच्च न्यायालयाने थांबवलं, तरी तो प्रकल्प पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो. त्या धरणाच्या बाजूने आणि विरोधात बरंच बोललं जातं, माणसांच्या विस्थापनाबद्दल बोललं जातं आणि बोललंच पाहिजे. अहिराबद्दल कुणी बोलत नाही. टाकीपुढे उभं राहून ज्या पोरांना त्याची वाट कळली असेल, ती मोठी झाल्यावर निदान त्या सुनावणीत हा प्रश्न विचारतील.

आता भीती एकाच गोष्टीची. हे मान्य झालंच तर लगेच सल्लागार नेमला जाईल, तो ‘थीम पार्क’ असा शब्द वापरेल, लेझर शो, जलपरी, सेल्फी पॉइंट येतील, आणि भातशाच्या काठी आणखी शंभर एकर जमीन लागेल. त्यापेक्षा शहापूर किंवा मुरबाड एसटी स्टँडपासून चालत जाता येईल अशी एक इमारत पुरे. पाण्यातल्या जीवाला शोभेपेक्षा सांभाळ जास्त लागतो. टाकीला हवा देणारा पंप बंद पडला तर एका रात्रीत मासे मरतात, आणि पावसाळ्यात डोळखांब-किन्हवलीकडे वीज एकदा गेली की कधी येईल ते महावितरणलाही सांगता येत नाही. म्हणून निविदेत बोगद्याची लांबी लिहिण्याआधी जनरेटरची ताकद लिहावी लागेल, डिझेलचा वर्षाचा खर्च लिहावा लागेल, आणि रात्रपाळीला टाक्यांवर लक्ष ठेवणारा माणूस कंत्राटी असेल की कायम, हेही लिहावं लागेल. तो कायम असावा, आणि शक्यतो त्याच तालुक्यातला, ज्याने लहानपणी वलगणीला जाऊन हातांनी मासे धरले आहेत असा.